मेडिकल उघडं आहे का?

दुपारी दोनच्या सुमाराला, माझा डोळा नुकता लागत होता तेव्हा, शेजारची सहावीतली मुलगी वही घेऊन आली. "काकू, यात काय चुकलंय?"

'मेडिकल' हा शब्द वापरून मनाने इंग्रजी वाक्य करायचं होतं. तिनं लिहिलं होतं, 'माय मदर सेंट मी टू द मेडिकल.' त्यावर बाईंची लाल फुली. बरं, गोष्ट शंभर टक्के खरी. आदल्या संध्याकाळीच तिला आईनं तापाच्या गोळ्या आणायला पिटाळलेलं मी गॅलरीतून पाहिलं होतं.

"अगं, मेडिकल हे विशेषण आहे. पुढे नाम लागतं. मेडिकल शॉप, मेडिकल कॉलेज."

"पण आई म्हणते ना, मेडिकलमध्ये जा."

"आई मराठीत म्हणते."

मला वाटलं, जिंकले. ती मात्र 'हे काय उत्तर झालं' अशा नजरेनं बघत राहिली. आणि खरंच, ते काही उत्तर नव्हतं.

आपण विशेषणाला फार दिवस विशेषण राहूच देत नाही. तिखट हे मुळात विशेषणच. पण डब्यातलं तिखट संपलं की आपण तिखट आणायला जातो, तिखट काय ते कुणी विचारत नाही. अमृततुल्यवर "दोन स्पेशल" म्हटलं की पुढे चहा हा शब्द उच्चारावा लागत नाही. मेडिकलचं तसंच झालंय. त्यातही आपलं व्याकरण इतकं चोख, की गिळलेलं नाम लिंगात बरोबर सापडतं. 'मेडिकल उघडं आहे', कारण पोटात दुकान आहे. 'मेडिकल टाकली', कारण ती रजा. भावाच्या नोकरीच्या वेळी 'मेडिकल झाली', ती तपासणी. आणि 'हिला मेडिकल मिळालं' म्हटलं की ते शिक्षण, शिवाय पेढे. पुण्यात तर याही पुढची पायरी आहे. बी. जे. मेडिकल 1878 साली स्कूल म्हणून निघालं, 1946 साली कॉलेज झालं. पण आपण "बीजेला लागला" म्हणतो. नाम तर नाहीच, विशेषणही गेलं.

गोरा साहेब मेडिकल हा शब्द नाम म्हणून वापरतो, पण फक्त तपासणीसाठी. 'आय हॅव अ मेडिकल ऑन मंडे' म्हणजे सोमवारी डॉक्टर मला ठोकून-वाजून बघणार. औषधं तो केमिस्टकडून आणतो. त्यामुळे बाईंची फुली बरोबरच. पोरीचं दुसरं वाक्यही तपासलं, 'तुळस इज अ व्हेरी मेडिकल प्लँट.' तुळस औषधी, म्हणून मेडिसिनल. मेडिकल म्हटलं की ती वानवडीला एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, शिकतेय असं वाटतं. आणि मेडिकलला व्हेरी लागत नाही. आपणही कुणाला 'फार वैद्यकीय आहे हो' म्हणत नाही. (एक मावससासूबाई आठवल्या, पण ते जाऊ दे.)

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या कोपऱ्यावर मेडिकल होतं. दुपारी एक ते चार अख्खी पेठ झोपायची, पण ते उघडं. मला पाठवायचे ते हमखास त्याच वेळी, अनवाणी, डांबर तापलेलं असताना. आत शिरलं की एक गार वास यायचा, स्पिरिटचा, पुठ्ठ्याचा आणि कुठल्यातरी गोड सिरपचा. काका चिठ्ठी बघायचे आणि कात्रीनं पाकिटाच्या चार गोळ्या कापून द्यायचे. पूर्ण पाकीट आमच्या घरी कधी आलंच नाही. चारच्या चार, लागल्या तर पुन्हा. कापलेला तुकडा खाकी पुडीत, पुडीवर बॉलपेननं एक-शून्य-एक. सुट्टे नसले की वर एक लिमलेटची गोळी, आणि तीच माझी मजुरी. खरं तर तारीख छापलेली कड शेवटपर्यंत ठेवून कापायचं असतं. पण काकांची कात्री जिथून सुरू व्हायची तिथून व्हायची. त्यामुळे आमच्या घरात औषधांना नावं नव्हती, रंग होते. आजीची पिवळी, आईची लोखंडाची लाल, बाबांची अर्धी पांढरी.

बाबांनी कचेरीत मेडिकल बऱ्याचदा टाकली. आत्याच्या लग्नाला, रंगकामाला, एकदा पानशेतला ट्रिप काढायला. सर्टिफिकेटवर दर वेळी ताप. स्वतःच्या दुखण्यासाठी टाकलेली मला आठवत नाही.

नंतर, रिटायर होऊन चार वर्षं झाल्यावर, एका रात्री त्यांना घेऊन आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. काउंटरवर फॉर्म. त्यात रकाना होता, मेडिकल हिस्ट्री. बघा, विशेषण अगदी बरोबर, पुढे नाम. मी पेन उघडलं आणि मला काही येईना. किती वर्षं गोळी चालू आहे, कशाची, किती पॉवरची? आईला विचारलं. ती पटकन म्हणाली, "पांढरी. अर्धी. रात्री जेवल्यावर." डॉक्टरांनी नाव विचारलं तर तिनं पर्समधून ती खाकी पुडी काढून पुढे केली. आत कापलेला तुकडा, त्यावर नावाची शेवटची तीन अक्षरं आणि अर्धा पन्नास. डॉक्टर तरुण होता, त्यानं तो तुकडा दिव्यासमोर धरून उलटसुलट केला. त्या तीन अक्षरांत संपणारी पुष्कळ औषधं असतात, असं तो म्हणाला. मग आणखी काही न विचारता आत गेला.

रकाना मी तसाच कोरा ठेवला.

तर वही. पोरगी अजून उभी होती. "काकू, मग काय लिहू?" मी म्हटलं, लिही काहीही, नाम विसरू नकोस म्हणजे झालं. तिनं टेबलाला टेकून एका दमात लिहिलं, 'माय मदर हॅज अ मेडिकल शॉप.'

तिची आई बँकेत आहे.

दुसऱ्या दिवशी पोरगी जिन्यात भेटली. बाईंनी बरोबरची खूण दिलीय म्हणे, शिवाय गुड.