चमचा नाचतो की गरगरतो?

नोव्हेंबरातली पहाट. गोव्यात बेतीच्या धक्क्यावरून होडी सोडली तेव्हा गिऱ्हाईक एकच होतं, पुण्याचे सत्तरीतले काका. मांडीवर स्टीलचा जेवणाचा डबा. उघडला तर आत चमचेच चमचे! जेवायचे नव्हेत; मासा भुलवायला गरीला, म्हणजे गळाला, लावतात ते चकचकीत पत्रे. पितळी, रुपेरी, एकावर तर तांब्याच्या घागरीसारखे ठोके. मुलाकडे अमेरिकेत गेले की ओंटारिओ सरोवरात ट्राउटसाठी होडीमागे हेच ओढतात म्हणे.

"काका, ट्राउटला थंडगार पाणी लागतं. आमच्याकडे इस्वण, म्हणजे तुमची सुरमई."

"मासा तुमचा, चमचा माझा."

स्वतःचं सामान आणणारी गिऱ्हाइकं मला मनापासून आवडत नाहीत. पण पैसे दिले होते.

मतलई वारा, पाणी सपाट. आग्वाद मागे पडल्यावर दोन रॉड लावले, तंगूस म्हणजे गळाची दोरी तयार ठेवली आणि नेहमीच्या सहा नॉटवर निघालो. काका म्हणाले, "तंगूस सोडण्याआधी चमचा होडीच्या कडेला धरून बघा." धरला. पाण्यात त्याची नुसती भिंगरी झाली होती.

"हा नाचत नाहीये, गरगरतोय. गरगरला की तंगुसाला पीळ पडतो."

दर हंगामात माझ्या रीलवर तंगुसाची वेटोळी होतात आणि मी दुकानदाराच्या नावाने खडे फोडतो. काही बोललो नाही. वेग कमी करत साडेतीनवर आणला, तसा चमचा एकदा पाठ, एकदा पोट दाखवत डुलायला लागला. रॉडचं टोक टुकटुक मान हलवू लागलं. ट्राउटला म्हणे याहूनही हळू, दोनच्या आसपास.

तंगूस आणि चमच्याच्या मध्ये मी तार लावायला घेतली तर काका अडले. "तारेने नाच मरतो." इस्वणीचे दात मला माहीत, तरी गप्प बसलो. ती चूक माझी.

ग्रँड बेटाच्या अलीकडे वळण घेतलं आणि आतल्या बाजूचा रॉड वाकला. रील किंचाळलं, आणि लगेच सगळं ढिलं. भाच्याने तंगूस ओढून टोक दाखवलं, "मामा, ब्लेड मारल्यासारखं." ठोक्यांचा चमचा गेला. काका त्या टोकावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "द्या तुमची तार."

बारीक तार, वीतभरच, पुढे स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. चमचा परत कडेला धरला. नाच जरा मंदावला, पण होता. यावेळी काकांनी मला सरळ जाऊच दिलं नाही. डावीकडे, उजवीकडे, सापासारखं. वळताना आतला चमचा मंदावून खाली बसतो, होडी सरळ झाली की उसळतो; त्या उसळीला मासा भुलतो, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या वळणावर पुन्हा आतलाच रॉड. या खेपेला तार टिकली. चार किलोची इस्वण, अंगावर करडे पट्टे. मी आकड्याने वर घेतली तेव्हा काका खाली बसून धापा टाकत होते.

परतताना त्यांनी सगळे चमचे सोडवायला लावले आणि नुसतं तंगूस होडीमागे लांबवर सोडायला सांगितलं. टोकाला काही नसलं की पाण्यात ओढताना पीळ आपोआप सुटतो. मांडवीत शिरलो तेव्हा समोरून येणाऱ्या ट्रॉलरवरून कोणीतरी ओरडलं, "अरे, गरी खंय गेली?"

भाचा दुसरीकडे बघू लागला. मी आणखी तंगूस सोडलं.