आखाजीची कार्डं आणि चैत्राचं ऊन

कार्डं बनवण्यासाठी ऑनलाइन मिळणारे शिक्के बघत बसले, तर त्यात बर्फाचा माणूस होता, शिंगं वळवलेली हरणं होती, कोकोचा मग होता आणि लोकरी टोपी घातलेलं अस्वल होतं. अस्वल गोड आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण एप्रिलमध्ये पारा ४४ ला टेकलेला असताना सुरतेतल्या उधन्याच्या आत्याला लोकरी टोपीतलं अस्वल धाडून ‘आखाजीला ये’ म्हणायचं, हे काही मला पटेना. मला झोका हवा होता. कडुनिंबाची फांदी, तिला बांधलेला झोका, शेजारी दोन कैऱ्या, खाली पाण्याची घागर आणि घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते: आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीइतकाच हा सण मोठा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांच्या नावानं घागर भरतात. आमच्या घरच्या लेकी धुळे, नाशिक, पुणे, सुरत अशा पांगलेल्या. त्यांना व्हॉट्सॲपवरचं फॉरवर्ड जातंच. यंदा टपालानं हातचं कार्ड पाठवायचं ठरवलं.

झोक्याचा शिक्का कुठेच नव्हता. खोडरबरावर कोरून बघितलं. कैरी, पान, घागर असे भरीव आकार त्यात झकास येतात. साधं मोठं पांढरं खोडरबर आणि लिनो कोरायची छोटी कोरणी एवढ्यावर काम भागतं. पण झोक्याच्या दोऱ्या म्हणजे दोन्ही बाजूंनी रबर काढून मधे उभी ठेवायची पातळ भिंत. ती खोडरबरात टिकत नाही. म्हणून कोर्टाजवळच्या शिक्केवाल्याकडे गेले, जो दिवसभर ‘सरपंच’, ‘मुख्याध्यापक’ आणि ‘सत्यप्रत’ बनवतो.

त्याच्याकडे शिक्का कसा होतो ते बघण्यासारखं आहे. आधी चित्राची निगेटिव्ह फिल्म काढतात: सगळं काळं, फक्त रेषा पारदर्शक. दोन काचांमध्ये मधासारखं घट्ट द्रव पॉलिमर ओततात आणि फिल्ममधून त्यावर अतिनील प्रकाश सोडतात. जिथून प्रकाश आत जातो तिथलं पॉलिमर घट्ट होतं, बाकीचं ओलंच राहतं. मग साबणाच्या पाण्यात ब्रशनं घासून ते ओलं पॉलिमर धुऊन टाकायचं, की उठावाच्या रेषा वर येतात. शेवटी पुन्हा एकदा प्रकाश देऊन पक्कं करतात. सगळा मामला चहा येईपर्यंत उरकतो. माझं चित्र बघून शिक्केवाले भाऊ म्हणाले, “झोका बरा शे, पन दोर तुटी जाई.” धुताना ब्रश लागला की बारीक रेषा उचलून येते, हे त्यांना रोजच्या सवयीनं माहीत. अक्षरांच्या शिक्क्यात एवढी लांब, एकटी रेषा कधी नसतेच. मग घरी येऊन चित्र बदललं. दोरी जाड केली, मधेमधे तिला पानं टेकवली म्हणजे तिला आधार मिळाला. झोक्यावर नऊवारी नेसलेली बाई बसवायची होती. तिचं नाक, बोटं, नेसूच्या निऱ्या यांतलं काही धुण्यातून वाचलं नसतं. झोका रिकामाच ठेवला. खाली अहिराणीत एक ओळ घातली: ‘आखाजीले ये वं माय’.

लाकडी मूठ नको म्हटल्यावर भाऊंनी माझ्याकडे कपाशिवाय चहा मागितल्यासारखं बघितलं. पण कार्डाला मूठ अडचणीची. वरून काही दिसत नाही, मग चित्र तिरकं बसतं. त्याऐवजी पाट्या बनवणाऱ्याकडून जाड ॲक्रिलिकचा तुकडा कापून घेतला आणि शिक्का दुहेरी टेपनं त्याला चिकटवला. आरपार दिसतं, हवा तिथे ठसा उमटवता येतो. नव्या पॉलिमरवर शाई सुरुवातीला थेंबाथेंबानं गोळा होते, कारण पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो. खोडरबर हलकेच फिरवलं की शाई सारखी धरते. आणि मोठा शिक्का पॅडवर आपटायचा नाही. शिक्का उताणा धरून पॅडच त्यावर थोपटायचं. कागदाखाली माउसपॅड ठेवलं की दाब सगळीकडे सारखा पडतो.

इथपर्यंत मजा होती. खरी परीक्षा शाईची, कागदाची आणि मार्करची, आणि या तिघांचं जमवल्याशिवाय कोणी रंगाच्या मागे लागू नये असं माझं ठाम मत झालं आहे. लोक मार्करच्या संचावर पैसे घालतात आणि शाई ऑफिसातलीच वापरतात. ऑफिसातल्या पॅडची जांभळी-निळी शाई कागदात मुरायला वेळ घेते आणि मार्करचं ओलं टोक लागलं की काळवंडून रंगात उतरते. कैरी हिरवी न राहता डबक्यासारखी होते. अल्कोहोल मार्करमध्ये रंग अल्कोहोलमध्ये विरघळलेला असतो, म्हणून अल्कोहोलनं जी विरघळते ती शाई बाह्यरेषेला चालत नाही. काच, प्लास्टिकसाठी मिळणारी सॉल्व्हंटची ‘पक्की’ शाईसुद्धा याच कारणानं नको, कागदावर ती कितीही पक्की वाटली तरी. पाण्यावर आधारलेली, लवकर सुकणारी डाय इंक, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई लागते. जपानी त्सुकिनेको कंपनीची मेमेंटो शाई, तिचा टक्सीडो ब्लॅक हा काळा रंग, कार्डं करणाऱ्यांत याच कामासाठी प्रसिद्ध आहे. मी तोच मागवला. पॅड लहान आलं, पण मोठा शिक्का उताणा धरून थोपटायचा असल्यानं लहान पॅडच बरं पडलं. उलट जलरंगानं रंगवणार असाल तर हिशेब फिरतो. पाण्यानं न हलणारी पिग्मेंट, म्हणजे बारीक रंगकणांची शाई घ्यावी.

कागदासाठी लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये गेले. आखाजीचा मुहूर्त म्हणजे लग्नांचा हंगाम, मालकांना मान वर करायला फुरसत नव्हती, पण कापणीतून उरलेल्या पट्ट्या त्यांनी पिशवीभर दिल्या. घरी येऊन प्रत्येकीवर एक ठसा आणि एक हिरवा ठिपका. चकचकीत आर्ट कार्डावर मार्कर वरच तरंगतो, बोटाला लागतो. हातकागद इतका शोषतो की ठिपक्याला केसासारखे पाय फुटतात. मेटॅलिक कार्डाचं तर नावच नको. गुळगुळीत, पण वरून लेप नसलेलं २५० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारं) पांढरं कार्ड सगळ्यात बरं ठरलं. मार्कर त्याच्याही पाठीमागे उतरतोच, ते टळत नाही. म्हणून चित्र वेगळ्या कार्डावर रंगवायचं आणि मग घडीच्या कार्डावर चिकटवायचं. रंगवताना खाली रद्दी ठेवायची, नाहीतर पाट रंगतो. आमचा रंगला आहे आणि आई तो पाहुण्यांना दाखवते.

घडीचं कार्ड ३०० जीएसएमचं. ए-४ चे दोन भाग केले की ए-५, त्याची घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं ए-६ कार्ड, आणि ते सी-६ पाकिटात नीट बसतं. कापणी प्रेसमधल्या यंत्रावरच करून घेतली. कात्रीनं एवढी सरळ होत नाही. जाड कागदाला तंतूंची दिशा असते. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचं, ज्या बाजूनं सहज वाकतो त्या बाजूनं घडी घातली तर पाठ फुटत नाही. घडी घालण्याआधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलनं एक रेघ दाबून ओढायची.

आता रंग. माझ्याकडे कॉपिकचे मोजकेच मार्कर आहेत, बाकी स्वस्तातला संच. कॉपिक १९८७ मध्ये जपानमध्ये निघाले. महाग आहेत, पण त्यांची शाई पुन्हा भरता येते आणि टोकंही बदलता येतात. त्यांची क्रमांकपद्धत एकदा कळली की खरेदी शहाणपणानं होते. अक्षरं रंगाचं कुळ सांगतात. पहिला आकडा रंग किती शुद्ध किंवा किती करडा ते सांगतो, शेवटचा आकडा किती गडद ते. कैरीसाठी वायजी ०३ आणि वायजी १७ घेतले: एकच कुळ, फिका आणि गडद. एका कुळातले दोन-तीन मार्कर बत्तीस सुट्या रंगांपेक्षा जास्त कामाचे. टोपणाच्या रंगावर मात्र विश्वास ठेवू नये. ज्या कार्डावर काम करायचं त्याच्याच तुकड्यावर सगळे रंग एकदा लावून, नंबर लिहून ठेवावेत.

पद्धत अशी: आधी सगळ्या कैरीवर फिका हिरवा. तो ओला असतानाच खालच्या कडेला गडद. मग पुन्हा फिका, दोन्हींच्या सीमेवरून. अल्कोहोल ओलं असेपर्यंत दोन रंग एकमेकांत शिरतात आणि सीमा पुसली जाते. रेषेपाशी मात्र जायचं नाही. केसभर अलीकडे थांबायचं, उरलेलं अंतर रंग स्वतः चालत जातो. घागरीला मातीच्या कुळातले, म्हणजे ‘ई’चे तीन रंग, आणि उजेडाच्या बाजूला पांढऱ्या जेल पेनची एक बारीक चमक. डांगराला पिवळा आणि त्यावर हिरवट पट्टे. घागरीवर डांगर बसवताना मास्किंग केलं: आधी डांगराचा ठसा, मग चिकट चिठ्ठीवर तोच ठसा उमटवून, कापून त्यावर झाकला आणि खाली घागर छापली. चिठ्ठी काढली की डांगर पुढे, घागर मागे.

हे सगळं व्हिडिओत शिकवणारी मंडळी थंड देशात बसलेली असतात. ‘निवांत रंगवा’ म्हणतात. आमच्याकडे दुपारी दोनला फिका हिरवा कैरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिलं टोक कोरडं होतं. मग गडद रंग लावला की त्याची कडक रेघ बसते, पुसता येत नाही. पंखा लावला तर आणखी घाई. कुलर लावला तर कागद ओल धरून सैल पडतो आणि कडा वळतात. शेवटी पहाटे पंखा बंद करून बसायला लागले. मोठी पानं न घेता चित्राचे लहान लहान तुकडे केले, एक पान पुरतं संपवूनच दुसरं. सुकलेल्या रेघेवर रंगहीन ब्लेंडर, म्हणजे रंग नसलेला मार्कर फिरवला तर ती थोडी मऊ होते, पण तो रंग खोडत नाही, बाजूला ढकलतो. त्याच्या भरवशावर राहू नये. मार्कर आडवे, सावलीत ठेवले. दोन्ही टोकांना शाई पोचायला हवी, आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेला मार्कर टोपण लावूनही वाळतो. आणखी एक, स्वयंपाकघरात गॅसजवळ हे काम करू नका. अल्कोहोल आहे, पेट घेतं.

चिकटवायला पाण्याचा पांढरा गोंद नको, कार्ड कुरकुरीत पापडागत... नाही, सरळ सांगते, वाकतं. दुहेरी टेप वापरली. खाली सोनेरी कागदाचा थर द्यावा असा मोह होता, कारण छान दिसतो. पण साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट. हिशेब केला: घडीचं कार्ड साधारण ९ ग्रॅम, रंगवलेला तुकडा ३, पाकीट ४ ते ५. टेप धरून १८ च्या आत. सोनेरी थर वाढवला की २० ओलांडतो. खात्रीसाठी आतेभावाच्या सराफी पेढीवर काट्यावर ठेवून बघितलं. त्यानं कार्ड हातात घेतलं, “मजुरी किती लावशील?” विचारलं, आणि पावती फाडू का म्हणाला. सोनेरी थर रद्द झाला.

पाकिटं पोस्टात टाकताना आखाजीला बरेच दिवस होते. धुळ्याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचलं, पुण्याचं रेंगाळलं. शिक्के साबणाच्या पाण्यानं धुऊन, उन्हापासून लांब डब्यात ठेवले आहेत, उन्हानं पॉलिमर कडक होतं. श्रावणात कानबाई आहे, आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. तिच्यासाठी नथ घातलेल्या नारळाचं चित्र काढून भाऊंना दाखवलं, तर म्हणाले नथीचे मोती जरा मोठे करा.

उधन्याच्या आत्याचा फोन आईच्या मोबाइलवर आला. कार्ड तिनं टीव्हीवर ठेवलं होतं. मी रंगांचं कौतुक ऐकायला कान लावून उभी.

“कार्ड भेटनं,” ती म्हणाली. “झोका खाली शे, ते दिखनं. पन माले लेवाले कोन ई राहीना?” म्हणजे झोका रिकामा आहे ते दिसलं, पण मला न्यायला कोण येतंय?

आबांनी त्याच संध्याकाळी सुरतेच्या गाडीचं तिकीट काढलं.