पुरवणी यादीतलं पान

दादरच्या अधिवेशनाचा बिल्ला अजून आमच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेला आहे. त्यावर माझं नाव आणि खाली एकच शब्द: बूथप्रमुख, म्हणजे एका मतदान केंद्राचं पक्षाचं काम पाहणारी. मुलुंड पूर्वेला मी शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात गेली अकरा वर्षं भाजपचं काम करते. शहरभरातल्या कार्यकर्त्यांच्या अधिवेशनाला ‘अपेक्षित’ म्हणजे बोलावलेली म्हणून माझं नाव आलं ते पहिल्यांदाच. २०२४ च्या पावसाळ्यातला रविवार होता. लोकसभेचं मतदान उरकलं होतं आणि विधानसभा तोंडावर आली होती.

दादर पूर्वेला उतरून छत्री सावरत सभागृहात पोचले तेव्हा नोंदणीच्या टेबलापुढे रांग लागलेली होती. बिल्ला, वही, पेन घेऊन मागची खुर्ची धरली. मंचावर भारतमातेची तसबीर, दोन्ही बाजूंना भाजपच्या आधीच्या जनसंघाचे श्यामाप्रसाद मुखर्जी आणि दीनदयाळ उपाध्याय, झेंडूचे ताजे हार. दीपप्रज्वलन झालं आणि संपूर्ण वंदे मातरम् सुरू झालं. पहिल्या दोन कडव्यांनंतर पुष्कळांचा आवाज खाली येतो. माझ्या डावीकडे पांढऱ्या सदऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ होते. ते डोळे मिटून, एकही शब्द न गाळता शेवटच्या ओळीपर्यंत म्हणत राहिले.

पहिलं सत्र विचारधारेचं होतं. पक्षाचा मूळ विचार, एकात्म मानववाद, याच शहरात मांडला गेला. २२ ते २५ एप्रिल १९६५, असे सलग चार दिवस दीनदयाळजी इथे बोलले. व्यक्ती आणि समाज यांच्यात भांडण मानायचं नाही, आणि विकास मोजायचा तो रांगेतल्या शेवटच्या माणसापासून. हे मी आधी वाचलेलं होतं, तरी त्या सभागृहात ऐकताना अंगावर काटा आला. आम्हाला उजवे म्हणतात, परंपरावादी म्हणतात. मला ते कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. मी गिरगावच्या चाळीत वाढले. कुणाकडे मयत झालं की त्या घरची चूल पेटायची नाही आणि दहा दिवस शेजारून पिठलं-भात जायचा. कुणाच्या मुलीचं बाळंतपण असलं तर रात्री दवाखान्यात बसायला कोण जाणार हे गॅलरीतच ठरायचं. माणसाला धरून ठेवणारी ही वीण सरकार येण्याच्या आधीपासूनची आहे. ती उसवू नये असं मनापासून वाटतं, म्हणून मी या पक्षात आहे.

मधली सत्रं, वृत्तनिवेदनं, आकडे यांबद्दल फार लिहीत नाही. सांगायचं आहे ते ‘जिज्ञासा समाधान’ या सत्राबद्दल. त्यात कार्यकर्त्यांनी विचारायचं आणि मंचावरच्या ज्येष्ठांनी उत्तर द्यायचं असतं. माईक घेऊन एक मुलगा रांगांमधून फिरत होता. मी हात वर केला. हात वर करताना २० मेची दुपार डोळ्यांपुढे होती.

त्या दिवशी मतदान होतं. नियमाप्रमाणे केंद्रापासून दोनशे मीटर लांब आमचं टेबल होतं. ऊन मी म्हणत होतं. बाराच्या सुमाराला एक आजी रिक्षातून उतरल्या. वय ८१. आमच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या इमारतीत त्या चाळीस वर्षं राहिल्या. इमारत पुनर्विकासाला गेली आणि आजी डोंबिवलीला भाड्याच्या घरात गेल्या. घरून मतदानाची सोय ८५ च्या पुढच्यांना, म्हणून त्या लोकलने आल्या होत्या. रुमालात गुंडाळलेलं मतदार ओळखपत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. “चिठ्ठी दे गं. १९६७ ला पहिलं मत पणतीला दिलं होतं मी. तेव्हापासून एकही चुकवलेलं नाही.” पणती म्हणजे जनसंघाचं तेव्हाचं चिन्ह.

मी यादी चाळली. पानं पुढे-मागे केली. त्यांच्या मजल्यावरच्या तीन घरांपैकी एकाचंही नाव नव्हतं. ओळखपत्र हातात असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हे त्यांना मला सांगावं लागलं. आजी चिडल्या नाहीत. टेबलावरच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या, ओळखपत्र पुन्हा रुमालात बांधलं आणि विचारलं, “परतीची गाडी कधी आहे?”

चूक माझी होती. मी बूथप्रमुख. यादीच्या एका पानावर तीस नावं असतात, पाठपोट साठ, आणि ती सांभाळायला एक पन्नाप्रमुख. ती रचना मीच लावली होती. पण नवी यादी आली तेव्हा मी ती मोबाइलवर वर-खाली सरकवून पाहिली. छापील पानावर बोट ठेवून, जुनी यादी शेजारी घेऊन एकेक नाव ताडलं नाही. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत नावनोंदणीचा अर्ज देता येतो. एप्रिलमध्ये माझ्या लक्षात आलं असतं तर नावनोंदणीचा सहा नंबरचा एक फॉर्म पुरला असता.

माईक हातात आल्यावर एवढं सगळं बोलता येईना. मी म्हटलं, “आमच्याकडे इमारती पडल्या आणि माणसं पांगली. नवं घर मिळालं की ती परत येणार आहेत. ज्यांच्या पत्त्यावर आज नुसता पत्र्याचा कंपाउंड आहे, त्यांची पानं कुणी सांभाळायची?”

सभागृह शांत झालं. मंचावरचे ज्येष्ठ क्षणभर थांबले. मग म्हणाले, “ताई, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं विसावं कलम वाचा. तात्पुरतं बाहेर राहायला गेल्याने माणसाचं तिथलं रहिवासीपण संपत नाही. पण जुन्या पत्त्यावर चौकशीला कुणी आलं असेल, तर सांगायला तिथे कोण होतं?” नंतर त्यांनी सगळ्यांनाच विचारलं, “पुनर्विकासात गेलेल्या किती घरांचे नवे पत्ते तुमच्याकडे आहेत? हात वर करा.” अख्ख्या सभागृहात मोजके हात वर गेले.

त्यातला एक हात माझ्या शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याचा होता.

जेवणाच्या सुट्टीत मी ताट घेऊन त्यांच्याजवळच बसले. मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा. काका विलेपार्ल्याचे. डिसेंबर १९८० मध्ये वांद्रे रेक्लमेशनवर समतानगर उभारून पक्षाचं पहिलं महाअधिवेशन झालं, तेव्हा ते पाणी वाटपाच्या पथकात होते. पक्ष स्थापन होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. अटलजींच्या भाषणातलं ‘अंधेरा छटेगा, सूरज निकलेगा, कमल खिलेगा’ त्यांनी मंडपात उभं राहून ऐकलं. “आणि चार वर्षांनी लोकसभेत किती जागा आल्या? दोन,” काका म्हणाले. “त्या निकालानंतरच्या रविवारी आम्ही घरोघरी संपर्काला निघालो होतो. दुसरं काय करणार? लोक तर तिथेच होते.”

हात धुऊन आल्यावर त्यांनी पिशवीतून एक वही काढली. लाल कापडी बांधणीची, लांबट, किराणा दुकानात उधारी लिहितात तसली. एका ओळीत एक घर. जुना पत्ता निळ्या शाईत आणि त्यापुढे पेन्सिलीने: ‘मुलगी कल्याणला, तिच्याकडे. गुडघे दुखतात. रिक्षा लागेल.’ पुढच्या ओळीत: ‘मोठा मुलगा वारला, मार्च. भेटून आलो.’ त्याखाली: ‘विरार, भाड्याने. चावी मिळाली की परत.’ पेन्सिल का, असं मी विचारलं. “पत्ता बदलतो ना. खोडता यायला हवं.” काही ओळींवर इतक्यांदा खोडलेलं होतं की कागद पातळ होऊन मागचं अक्षर दिसत होतं. मी ती वही कितीतरी वेळ हातात धरून बसले. आपल्या वहीत दाखवण्यासारखं काहीच नाही, या विचाराने गलबलून आलं.

दुपारच्या गटशः बैठकीत मुलुंड-भांडुपच्या आम्हा बायकांनी दुसरा विषय घेतलाच नाही. आपापल्या बूथमधल्या पाडलेल्या इमारती आठवून कागदावर उतरवल्या. माझ्या एकट्या बूथमध्ये पाच निघाल्या. समारोपाच्या भाषणातलं मला फारसं आठवत नाही. माझं लक्ष त्या कागदावर होतं.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मोबाइलमधला आजींचा जुना नंबर लावला. मुलाने उचलला आणि आईकडे दिला. मी आधी माफी मागितली. पलीकडून आवाज आला, “ते राहू दे. कागद कुठले लागतात ते सांग.”

पुढच्या रविवारी सहा नंबरचा फॉर्म, इमारतीच्या सोसायटीचं पत्र आणि एक पेन्सिल घेऊन मी डोंबिवलीला गेले. ऑक्टोबरमध्ये नाव लागलं. जुन्या जागी नाही, पुरवणी यादीत, अगदी शेवटच्या पानावर. त्या पानाला पन्नाप्रमुख नव्हता. ते मी माझ्याकडे मागून घेतलं.