स्थळ पाहणी झाली नाही, म्हणून दावा नामंजूर

बाबांनी कसत्या वनजमिनीवर हक्क मिळावा म्हणून केलेल्या वनहक्क दाव्याच्या फाईलमध्ये निर्णयाची एकच ओळ आहे : 'स्थळ पाहणी अहवाल नसल्याने दावा अमान्य.' ही ओळ बघायला मिळावी म्हणून मला माहिती अधिकाराचा अर्ज आणि त्यावर अपील करावं लागलं. पाहणीला यायचं होतं सरकारी माणसांनी. ते आले नाहीत आणि दावा मात्र आमचा गेला. अजूनही ती ओळ वाचली की माझा हात थरथरतो.

गावातलं काम लवकर झालं होतं. २०१६ मध्ये बाबांनी आई आणि स्वतःच्या नावाने दाव्याचा अर्ज, नमुना 'अ', भरला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे दोन पुरावे लागतात. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाबही पुरावा म्हणून चालतो, हे आमच्या गावच्या वनहक्क समितीतल्या बाईंना माहीत होतं. आजोबांच्या बरोबरीच्या एका म्हाताऱ्याने अंगठा दिला, ग्रामसभेने ठराव केला, फाईल उपविभागीय समितीकडे गेली. इथपर्यंत दोन महिनेही लागले नाहीत.

पुढची नऊ वर्षं एका टेबलासमोर गेली.

एसटीने साडेतीन तास जायचं आणि एक वाक्य ऐकून परत यायचं. "तुमचा भाग संवेदनशील आहे. पोलीस बंदोबस्त मिळाला की टीम येईल." सुरुवातीला आम्ही हे मान्य केलं, कारण भीती खोटी नव्हती. १ मे २०१९ ला आमच्या गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांच्या भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. त्या वर्षी बिटगार्डला, म्हणजे वनरक्षकाला, 'आमच्या शेतावर चला' म्हणायची माझी हिंमत झाली नसती. बाबाही म्हणायचे, त्यांनाही लेकरं आहेत. २०२१ मध्ये बाबा गेले. शेवटपर्यंत ते त्या कार्यालयाबद्दल वाईट बोलले नाहीत. मी बोलतो.

कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली आणि पुढच्याच आठवड्यात मी त्याच टेबलासमोर उभा होतो. आता तरी टीम येईल ना, एवढंच विचारलं. लिपिकाने वर न बघता सांगितलं, "भाऊ, संवेदनशील भाग आहे तुमचा. आणि तुमचा दावा तर कधीचाच नामंजूर झालाय." कधी झाला? का झाला? लेखी काही? "वरून येईल." तेवढ्यात साहेब मीटिंगला निघून गेले होते.

बंदूक शांत झाली होती, पण बंदुकीच्या नावाने थांबवलेलं काम सुरू करायला कुणीच तयार नव्हतं. वीस वर्षांत त्या दोन शब्दांची सवय लागली होती. संवेदनशील म्हटलं की समोरचा माणूस गप्प होतो, हे त्या टेबलाला पक्कं ठाऊक होतं.

इथे एक सांगायचं राहिलं. दावा नामंजूर करायची शिफारस असेल तर ती दावेदाराला प्रत्यक्ष कळवावीच लागते, म्हणजे त्याला ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. आम्हाला कळवलंच नव्हतं. तोंडी 'नामंजूर' ऐकून गावात परत येऊ नका. कागद मागा, लेखी मागा, आणि मागितल्याची पोच घ्या.

मी माहितीचा अर्ज केला. परिशिष्ट 'अ', त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळा राग त्यात ओतता येत नाही. माझा पहिला मसुदा 'दावा का फेटाळला' या प्रश्नाने सुरू होत होता. आश्रमशाळेतल्या माझ्या जुन्या गुरुजींनी तो खोडला. म्हणाले, का विचारू नकोस, कागद माग. मग चार गोष्टी मागितल्या : समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, फाईलवरची टिपणी, आवक-जावक नोंदवहीतल्या आमच्या दाव्याच्या नोंदी, आणि स्थळ पाहणीसाठी पोलीस विभागाकडे बंदोबस्त मागितल्याची पत्रं. चौथी मागणी गुरुजींची. तिच्यामुळेच सगळं उलटलं.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. माहिती नाकारली होती. कारण : संवेदनशील भाग, माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(छ).

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे कलम कुणाच्या जिवाला धोका होईल अशा माहितीसाठी आहे. माझ्या बाबांनी तीन बांध्यांत धान लावलं, हे कळल्याने कुणाच्या जिवाला धोका होणार होता? आई आमच्या माडिया बोलीत एवढंच म्हणाली, कागद दाखवायला घाबरतात म्हणजे कागदात काहीतरी आहे.

पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं असतं, परिशिष्ट 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. मी चौथ्याच दिवशी नेऊन दिलं. त्यात दोनच मुद्दे लिहिले. नकार योग्य आहे हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची आहे, कलम १९(५). आणि काही भाग खरंच गोपनीय असेल तर तेवढा झाकून बाकीचं द्या, कलम १०. ही दोन कलमं लिहून ठेवा.

सुनावणीला अपिलीय अधिकारी मॅडम होत्या. त्यांनी मूळ फाईल समोर मागवली आणि पानं उलटत माहिती अधिकाऱ्यांना विचारलं, "बंदोबस्ताचं पत्र कुठंय?" उत्तर आलं नाही. मॅडमनी जावक नोंदवही मागवली. त्या वाचत असताना खोलीत पंख्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

पत्र नव्हतं. एकही नाही. नऊ वर्षांत आमच्या गावच्या पाहणीसाठी पोलिसांकडे कुणी बंदोबस्त मागितलाच नव्हता. बाबा ज्या टीमची वाट बघत गेले, ती टीम कुणी पाठवायचीच ठरवली नव्हती.

मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो नाही. 'असे कोणतेही पत्र अभिलेखात उपलब्ध नाही' हे वाक्य तेवढं लेखी द्या म्हणालो. मॅडमनी तसा आदेश दिला. दहा दिवसांत साक्षांकित प्रती आल्या, आणि त्या एका वाक्याला पुढे सगळ्या फाईलपेक्षा जास्त वजन आलं.

कारण वनहक्काच्या नियमांत २०१२ च्या दुरुस्तीने आलेला नियम १२अ आहे. वनहक्क समितीने कळवल्यावर वन आणि महसूल विभागाच्या लोकांनी पडताळणीला हजर राहून सही करायची असते. 'आमचा माणूस हजर नव्हता' असं वनविभाग नंतर म्हणाला, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत जातो. दुसऱ्या वेळीही त्यांचा माणूस आला नाही, तर पडताळणीवरचा ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणजे त्यांच्या गैरहजेरीचा भुर्दंड आमच्यावर टाकताच येत नाही. हे त्या टेबलावरच्या कुणाला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

इतिवृत्त हातात आलं त्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत आईच्या नावाने जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज केला. प्रकरण फेरपडताळणीसाठी गावात परत आलं. वनहक्क समितीने तारीख ठरवून दोन्ही विभागांना लेखी कळवलं, नियम १२अ चा उल्लेख करून. माहिती मिळालीच नसती तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील करायची तयारी ठेवली होती, ती वेळ आली नाही. आणि हो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला माहितीच्या अर्जाची फी लागत नाही, दाखल्याची प्रत जोडावी लागते. मला हे नंतर कळलं.

ठरल्या दिवशी सकाळी दहा वाजता बिटगार्ड आणि तलाठी दोघंही आले. मोटारसायकलवर, बंदोबस्ताशिवाय. आईने त्यांना बांधावरून फिरवलं, आजोबांनी राखलेलं मोहाचं झाड दाखवलं, जुन्या विहिरीचे दगड दाखवले. जीपीएसवर चारही कोपरे घेतले. सगळं मिळून पाऊण तास लागला. तरुण बिटगार्ड जाताना आईला म्हणाला, "आई, मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं." तो खरं बोलत होता, असं मला वाटलं.

पट्टा अजून आलेला नाही. फाईल पुन्हा त्याच कार्यालयात आहे. या वेळी पंचनाम्यावर दोघांच्या सह्या, हुद्दा आणि तारीख आहे, त्याची प्रत आईच्या पेटीत आहे, आणि आवक क्रमांक मी दाराच्या मागे खडूने लिहून ठेवलाय.