दोन गुण आणि सात मिनिटे

क्लिनिकल पोस्टिंगसाठी आलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना वॉर्डातील परिचारिका कितपत चांगले मार्गदर्शन करतात, याचे मूल्यमापन माझ्याकडे होते, तेव्हाचा हा एक दिवस आहे. संवाद, प्रात्यक्षिक, देखरेख आणि अभिप्राय अशा रकान्यांचा एक तक्ता हातात असे व प्रत्येक रकान्याला पाचपैकी गुण द्यायचे असत. त्या दिवशीच्या सिस्टरांविषयी विद्यार्थिनींनी प्रश्नावलीत जवळजवळ एकच तक्रार लिहिली होती: त्या काही सांगत नाहीत, आपल्यालाच प्रश्न विचारतात. ते वाचूनच मी वॉर्डात गेले आणि माझे मत तिथेच थोडे कलले, हे मान्य करायला हवे.

सकाळच्या औषधांच्या फेरीत दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी डिगॉक्सिनची गोळी घेऊन एका वृद्ध रुग्णाजवळ उभी होती. हे औषध हृदयाची गती कमी करते, म्हणून प्रौढ रुग्णाला ते देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात आणि ते ६० पेक्षा कमी भरल्यास गोळी थांबवून डॉक्टरांना कळवतात. विद्यार्थिनीने ठोके मोजले, ते ५४ भरले. तिने सिस्टरांकडे पाहिले. सिस्टर हाताच्या अंतरावर होत्या, पण बोलल्या नाहीत. ती शांतता इतकी लांबली की मीच पुढे होऊन सांगावे, असे मला वाटू लागले. अखेर विद्यार्थिनीने पुन्हा एकदा मिनिटभर मोजले आणि म्हणाली, "सिस्टर, ही गोळी आत्ता देऊ नये. डॉक्टरांना कळवते." सिस्टरांनी एवढेच विचारले, "आणखी काय बघशील?" तिने पोटॅशियमचा रिपोर्ट काढला, कारण ते कमी असले तर या औषधाची विषबाधा लवकर होते, मग रुग्णाला विचारले, तेव्हा त्यांना पहाटेपासून मळमळत असल्याचे कळले; मळमळ हे त्या विषबाधेचे एक लक्षण असते.

मी फेरी संपताच 'अभिप्राय' या रकान्यात दोन गुण लिहिले. एवढ्या प्रसंगानंतर मुलीला शाबासकीचा किंवा दुरुस्तीचा एकही शब्द मिळाला नव्हता, असा माझा हिशेब होता.

तक्ता घेऊन परतताना ट्रीटमेंट रूमचे दार अर्धवट उघडे दिसले. आत दोघी उभ्या होत्या. सिस्टर सांगत होत्या, "मोजणं अचूक होतं, आणि माझ्याकडे बघूनही तू स्वतः ठरवलंस, ते बरं झालं. पण मोजताना तुझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. त्यांचा चेहरा बघितला असतास, तर मळमळ आधीच लक्षात आली असती. तिथे बोलले नाही, कारण उद्या त्यांनी विश्वासाने तुझ्याच हातून औषध घ्यायचं आहे." पुढे विद्यार्थिनीने शंका विचारल्या आणि सिस्टरांनी त्यांतील निम्म्या तिच्याकडूनच सोडवून घेतल्या. मी घड्याळ पाहिले. हे सारे सात मिनिटे चालले होते. गर्दीच्या सकाळी कोणत्याही परिचारिकेसाठी सात मिनिटे ही मोठी गोष्ट असते आणि त्यांची नोंद घेणारी जागा माझ्या तक्त्यात नव्हती.

दुपारी मी दुसऱ्या वॉर्डात होते. तिथल्या सिस्टरांना विद्यार्थिनींनी सर्व रकान्यांत पाच गुण दिले होते. त्या खरोखर प्रेमळ होत्या, समजावून सांगतही छान होत्या. मात्र ड्रेसिंग असो वा कॅथेटरची काळजी, हात त्यांचेच चालत आणि मुली पाहत राहत. ड्युटी संपताना त्यांनी लॉगबुकातील सहा नोंदींवर एकदम सह्या केल्या आणि त्यांतील चार नोंदींत 'पाहिले' ऐवजी 'स्वतः केले' असे लिहिलेले होते. अशी सही ज्या मुलीला मिळते, तिला उद्या एकटीने ते काम करावे लागते, ही बाब मला फार गंभीर वाटते. एका चांगल्या गुणामुळे माणसाचे इतर गुणही चांगलेच वाटू लागतात, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यांकनांवरून दाखवले होते. या प्रश्नावल्यांत मायाळूपणाला मिळालेले गुण देखरेखीच्या रकान्यापर्यंत पोहोचले होते.

संध्याकाळी मी सकाळचे दोन गुण खोडून त्याखाली कारणासह पाच लिहिले. प्रत्येक गुणासमोर निरीक्षण कोठे केले, किती वेळ केले आणि अभिप्राय देताना मी हजर होते का, हेही नोंदवायला सुरुवात केली. मग त्या महिन्यातील जुने तक्ते काढले. तीन सिस्टरांना मी 'अभिप्राय' मध्ये दोन किंवा त्याहून कमी गुण दिले होते आणि तिघींचेही निरीक्षण रुग्णाच्या खाटेपाशीच संपवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हँडओव्हरआधी मी त्यांतल्या पहिल्या वॉर्डात पोहोचले.