क्रमाने वाचताना: ब्योमकेश आणि मार्टिन बेक

जूनमध्ये ठरवलं होतं की आता हाताला येईल तो भाग उचलायचा नाही, रहस्यकथांची मालिका पहिल्यापासून ओळीने वाचायची. आजचा हिशोब: बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या गुप्तहेर ब्योमकेशच्या १९ कथा, आणि माय शोवाल व पेर वालो या स्वीडिश जोडप्याच्या पोलीस अधिकारी मार्टिन बेकची दहापैकी पाच पुस्तकं. दोन्ही इंग्रजी अनुवादातून. मधेच चव बदलायला जॉर्ज सिमेनॉनच्या फ्रेंच पोलीस अधिकारी मेग्रेच्या दोन कादंबऱ्या झाल्या, पण त्या ७५ आहेत. तिथे क्रमाचा हट्ट धरला नाही.

वहीची पद्धत जुनीच. पुस्तक अर्धं झालं की थांबायचं, संशयिताचं नाव लिहायचं, मगच पुढे जायचं. ब्योमकेशमध्ये १८ पैकी ६ बरोबर आले. ग्रामोफोनच्या पिनांनी होणाऱ्या खुनांची कथा मात्र मोजली नाही, ती दूरदर्शनवरच्या मालिकेमुळे लहानपणापासून पाठ आहे.

ब्योमकेशच्या बाबतीत क्रम म्हणजे कुठला, हाच आधी प्रश्न पडला. ग्रामोफोनच्या पिनांची कथा १९३२ मध्ये आधी लिहिली गेली. कथा सांगणारा मित्र अजित आणि ब्योमकेश यांची मेसमधली पहिली भेट सांगणारी ‘सत्यान्वेषी’ नंतर. मी पहिल्या भेटीपासूनच सुरुवात केली आणि तेच बरं झालं. तिथला अतुलचंद्र हे नाव सांगणारा अनोळखी तरुण डोक्यात असला, की पुढे अजितची ब्योमकेशवरची माया कुठून आली ते कळतं.

मग कथांमध्ये मोठा खंड पडतो. १९३८ मध्ये शरदिंदु बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले, आणि ब्योमकेश कित्येक वर्षं गप्प झाला. ‘चित्रचोर’मध्ये तो परततो तेव्हा आजारातून उठलेला, सांताळ परगण्यात हवापालटासाठी आलेला, आणि शेजारी बायको सत्यवती त्याच्या पथ्यपाण्यावर डोळ्यांत तेल घालून बसलेली. मागची कथा ज्याने आदल्याच रात्री संपवली, त्याला या दोन पानांमधली वर्षं जाणवतात. १९५२ पासून शरदिंदु पुण्यात राहिले. उरलेल्या बहुतेक कथा तिथे लिहिल्या गेल्या, कलकत्त्याच्या गल्ल्यांसकट. मला हे फार जवळचं वाटतं.

मार्टिन बेकने मात्र वहीची पद्धतच मोडली. पहिल्या ‘रोझॅना’मध्ये (१९६५) योटा कालव्यातून गाळ काढताना एका तरुणीचं प्रेत सापडतं. ती कोण हे कळायलाच महिने जातात. पुस्तक अर्धं झालं तरी वहीत लिहायला माझ्याकडे एकही नाव नव्हतं, कारण पोलिसांकडेही नव्हतं. मग बोटीवरच्या प्रवाशांनी काढलेले फोटो आणि हौशी चित्रफिती देशोदेशींहून गोळा होतात, आणि बेक त्या पुन्हा पुन्हा बघत बसतो. मला तो भाग कुठल्याही पाठलागापेक्षा थरारक वाटला.

(चौथं पुस्तक कोरं वाचायचं असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा. गोष्ट सुरुवातीचीच आहे, तरीही.)

‘द लाफिंग पोलीसमन’ (१९६८) मी कॉलेजात असताना सुटं वाचलं होतं. स्टॉकहोममध्ये एका दुमजली बसमध्ये गोळीबार होतो, मृतांमध्ये स्टेनस्ट्रॉम नावाचा तरुण पोलीस असतो. तेव्हा ते नुसतं एक नाव होतं, मी पान उलटून पुढे गेलो. या वेळी ‘रोझॅना’मध्ये त्याला चिकाटीने पाळत ठेवताना पाहिलं होतं. बसमध्ये तो सापडला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत उभा राहिलो. तो त्या बसमध्ये काय करत होता, या प्रश्नाभोवती सगळं पुस्तक फिरतं, आणि बेकचा सहकारी कोलबर्ग स्टेनस्ट्रॉमच्या मैत्रिणीशी, ओसा तोरेलशी बोलायला जातो ती प्रकरणं मला या वेळी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाचता आली.

पाचवं, गायब झालेल्या अग्निशमन गाडीचं, गेल्या रविवारी संपलं. स्टेनस्ट्रॉमच्या जागी नवा माणूस आलाय. तो मन लावून काम करतो, पण मला अजून त्याच्याशी जमवून घेता येत नाही, आणि बेकच्या सहकाऱ्यांनाही नाही. सहावं माल्मोत घडतं, ते उद्यापासून.