चिरवसंताचं शहर आणि अंघोळीचं पाणी

जानेवारीत सकाळी सात वाजता कुनमिंगमध्ये खिडकी उघडली तर बाहेर मिट्ट काळोख. आठच्या सुमाराला कुठे सूर्य उगवतो. अख्ख्या चीनचं घड्याळ एकच, बीजिंगचं, आणि हे शहर पार नैऋत्येच्या टोकाला. त्यामुळे घड्याळ पुढे आणि सूर्य मागे. सकाळी आठच्या तासाला आम्ही सगळे पेंगतच बसायचो.

युन्नान प्रांताची ही राजधानी साधारण 1,900 मीटर उंचीवर आहे. चिनी लोक हिला 'वसंताचं शहर' म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. मे महिन्यात पुण्याहून फोन आला की इथल्या हवेबद्दल मी गप्पच बसायचे, उगाच शिव्या कोण खाणार! पण हा वसंत घराबाहेरचा. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात शहरभर पाइपातून उष्णता घरोघरी पोचवतात, इथे ती सोय नाही. रात्री पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि भिंती, फरशी, गादी सगळं गारठतं. दुपारी बाहेर मात्र लख्ख ऊन. म्हणून इथली माणसं जाकीट घरात घालतात आणि बाहेर पडताना काढतात. सोसायटीतल्या आज्या जेवण झालं की छोटी स्टुलं घेऊन उन्हात येतात आणि ऊन सरकेल तशी स्टुलंही सरकवतात.

गरम पाणीसुद्धा उन्हाच्याच भरवशावर. शहरातल्या जुन्या सहा-सात मजली इमारतींना लिफ्ट नाही, पण गच्च्या सोलरच्या नळ्यांनी आणि टाक्यांनी भरलेल्या. घर दाखवताना मालकीणबाईंनी झोकात नळ सोडला आणि वाफाळतं पाणी दाखवलं. भर दुपार होती, दाखवणारच! टाकी गच्चीवर आणि मी तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे आधी पाइपातलं गार पाणी जाऊ द्यायचं. त्यासाठी नळाखाली कायम बादली, ते पाणी संडासला. मे ते ऑक्टोबर पावसाळा. सलग दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं असलं की टाकी थंडगार. एक पाऊस पडला की हिवाळा, अशी इथली म्हणच आहे. तेव्हा घर बघायला जाल तर सोलरला विजेची जोड आहे का, हे आधी विचारा. बाकी फर्निचर वगैरे नंतर बघता येतं.

भाडं बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांचं आगाऊ, वर एक महिन्याचं डिपॉझिट. हॉटेल सोडून कुठेही राहिलात तर 24 तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद करायची. पासपोर्ट, भाडेकरार आणि मालकाची कागदपत्रं न्यायची. पुढे रहिवासी परवान्याला हीच पावती लागते, म्हणून ती जपा. पैशांचं म्हणाल तर रोख कुणी नको म्हणत नाही, पण रताळी भाजणाऱ्या मावशींच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकलेला. अलीपे आणि वीचॅट ही तिथली पैसे देण्याची अ‍ॅप, वीचॅटवर गप्पाही होतात. त्यांना आता आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. 200 युआनच्या आतल्या खरेदीवर जादा आकार नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल तिथल्या नेटवर चालत नाहीत. आईला वीचॅट शिकवून निघालात तर बरं.

आता खाणं. शाकाहारी माणसाचे चीनमध्ये हाल होतात हे खरंच आहे. 'मांस नको' म्हटलं तरी नूडल्सचं पाणी हाडांचंच असतं. पण युन्नानमध्ये जरा आशा आहे. च्वानशिन मंडईत पहिल्यांदा शिरले आणि पुदिना, कोथिंबीर, लाल मिरच्यांचे ढीग बघून तिथेच रेंगाळले. भाव 'चिन'चा असतो, म्हणजे 500 ग्रॅमचा. आपण किलोचा समजून सगळं स्वस्त ठरवतो, तसं नव्हतं. एका कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली पांढऱ्या वड्या होत्या. रूपिंग, म्हणजे शेळीच्या दुधाचं पनीरच. तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस करतात आणि मीठ-मिरीत बुडवून खातात. चीनमध्ये पनीर! त्या दिवशी मी अर्धा किलो घेतलं.

दुसरा आधार 'लाओनाय यांग्यू'चा. उकडून कुस्करलेला बटाटा, तेलात सुक्या लाल मिरच्या, वर कांद्याची पात. हळद-मोहरी तेवढी नाही. दात नसलेल्या आजीलाही खाता यावा म्हणून हा प्रकार निघाला म्हणतात. सकाळी कोपऱ्यावर कोळशावर भाजलेला अरख्वाय मिळतो, तांदळाची जाडसर पोळी. तिला गोड-तिखट सॉस फासून गुंडाळून देतात. अगदीच कंटाळा आला तर युआनथोंग मंदिराजवळ शाकाहारी खानावळ आहे.

पावसाळा हा जंगली अळंब्यांचा मोसम. यातली एक जात हात लागला की निळी पडते. नीट शिजली तर चविष्ट. कच्ची राहिली तर खाणाऱ्याला छोटी-छोटी माणसं नाचताना दिसतात, आणि हे विनोदाने म्हणत असले तरी दवाखान्यात जाणारे दरवर्षी असतात. म्हणून अळंब्यांच्या हॉटेलात टेबलावर टायमर ठेवतात. रस्सा उकळत असतो, वासाने जीव जातो आणि आपल्या हातात चॉपस्टिक्ससुद्धा नसतात. त्या पंधरा-वीस मिनिटांनंतर, टायमर वाजल्यावरच मिळतात. मैत्रिणीने एकदा लवकर मागून पाहिल्या. वाढणाऱ्या काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की तिने मुकाट्याने हात मागे घेतला.